पवित्र आत्मा राहिला

“फादर, थांबा! पवित्र आत्मा राहिला!”

देवळालीच्या चर्चमध्ये मागून एक बाई अशी ओरडली, की छतावरची कबुतरं थेट नाशिकरोडला जाऊन बसली. चर्चला फुलं पुरवणारी ती. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, काखेत निशिगंधाची टोपली.

माझ्या भाचीचा बाप्तिस्मा चालला होता. ‘पित्याच्या’ म्हणत फादरांनी डोक्यावर पाणी घातलं, ‘पुत्राच्या’ म्हणत पुन्हा घातलं, तेवढ्यात पोरीनं त्यांचा चष्मा ओढला. तो सोडवून म्हाताऱ्या फादरांनी सरळ टॉवेलच मागितला. आम्ही साठ ख्रिस्ती बाकांवर होतो, पण सगळ्यांचं ध्यान बाहेरच्या केकवर. तिसरं नाव घेतल्याशिवाय बाप्तिस्मा होत नाही. पोर दोन तृतीयांश ख्रिस्ती होऊन घरी आली असती.

“पहिल्यापासून म्हणा,” फुलवालीनं हुकूम सोडला आणि प्रत्येक नावाला एकेक बोट उघडून मोजत राहिली. तिसरं बोट उघडलं तेव्हा माझ्या बहिणीनं श्वास सोडला.

बाहेर मी विचारलं, “मावशी, हे सगळं तुम्हाला पाठ कसं?”

टोपली झटकत ती म्हणाली, “फुलं खोचताना कान झाकता येत नाय.”