पाण्याचं काम तिचं

"घ्या, घ्या, घ्या... बास! बास बोलले ना!"

आमच्या कॅराव्हॅनच्या, म्हणजे मोटारीला जोडायच्या चाकांवरच्या घराच्या, मागे उभी राहून माझी बायको असं ओरडायची आणि पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांबा. दोन थापा म्हणजे, कान आहेत का जाग्यावर? कॅराव्हॅन लावायच्या साईटवरचे इंग्रज नवरा-बायको हळू आवाजात, प्लीज म्हणत, हातवारे करत गाडी मागे घेतात आणि शेवटी झाडावर घालतात. आम्ही कधी कशावर घातली नाही.

त्या गुरुवारी दुपारी अल्सवॉटर तळ्याच्या काठावर तिने मला असंच मागे घेतलं. मग आत जाऊन काचेचा पेला ओट्यावर ठेवला.

ह्या पेल्याचं सांगायला हवं. आम्ही मुंबईचे बेने इस्राएल. म्हणजे यहुदी, पण घरात मराठी. शुक्रवारी संध्याकाळी आमच्यात बाई दिवा लावते. पेल्यात अर्धं पाणी, वर तेल, तेलात वात. तिचा पेला तिच्या आईचा, त्याला मध्यावर सोनेरी रेघ. गाडी वाकडी उभी असली की पेला कलतो, पाणी काही कलत नाही, रेघ एका बाजूला बुडते. तेवढ्यावरून तिला कळायचं चाकाखाली किती फळ्या घालायच्या. लोक त्यासाठी दुकानातून यंत्र आणतात. मीही आणलं होतं. तिने ते चमच्यांच्या खणात टाकलं. बोलली, "ते खोटं बोलतं."

"अहो, डाव्या चाकाखाली अजून एक फळी."

"एवढंसं तर आहे."

"एवढंसं तुम्हाला. डावीकडे मी झोपते."

गाडी पुढे घेतली, फळी घातली, पुन्हा मागे. पुन्हा पेला. "आता कशी माणसात आली," ती बोलली. मग आम्ही पिठलं-भात खाल्ला आणि ती खिडकीतून तळं बघत बसली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. एक फळी घातली, बाकी काही नाही.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. लंडनला बसच्या गॅरेजात आयुष्य गेलं, ती शाळेच्या किचनमध्ये होती. दोघं रिटायर झालो तेव्हा तिने एका सकाळी चहा ओतता ओतता सांगितलं, घर विकू या, कॅराव्हॅन घेऊ या आणि लेक डिस्ट्रिक्टला, त्या तळ्यांच्या मुलखात, जाऊन राहू या. फिरायला नव्हे, राहायला. मी विचारलं, "डोकं ठिकाणावर आहे का?" ती बोलली, "डोकं आहे, घराचाच कंटाळा आलाय." सिनेगॉगमध्ये लोक हसले. एका बाईने तोंडावर विचारलं, ह्या वयात जिप्सी होणार का? हिने सांगितलं, "बाई, तू ये चहाला. पत्ता विचारून ये, रोजचा वेगळा असतो."

एका साईटवर फार दिवस राहू देत नाहीत. म्हणून आम्ही गोल गोल फिरायचो. अल्सवॉटर, विंडरमिअर, कॉनिस्टन, डरवेंटवॉटर आणि परत पहिल्यापासून. पाणी दिसलं पाहिजे, ही तिची एकच अट. लहानपणी मुंबईत डोंगरीला चार माळ्यांना एक नळ. ती शाळेत जायच्या आधी हंडा घेऊन उभी राहायची. पहिल्यांदा विंडरमिअर बघितलं तेव्हा बोलली, "एवढं गोडं पाणी, आणि रांग नाही."

त्यामुळे पाणी आणायचं काम तिचं. कॅराव्हॅनचं पाण्याचं पिंप असतं, लांब दांडा लावून जमिनीवरून लोळवत न्यायचं आणि नळावर भरून आणायचं. मला ती हात लावू द्यायची नाही. "जड नसतं हो, कुत्र्यासारखं मागे मागे येतं." नळावर जायची आणि अर्ध्या साईटच्या बातम्या घेऊन यायची. इंग्लिश तिचं तोडकं, पण कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोणाचा मुलगा बोलत नाही, सगळं तिला ठाऊक. मी इतकी वर्षं इंग्रजांबरोबर काम केलं, मला एकाच्या बायकोचं नाव सांगता येणार नाही.

कॅराव्हॅनच्या दाराला तिने मेझुझा लावला होता. प्रार्थनेचा कागद असलेली छोटी डबी, आमच्या प्रत्येक घराच्या चौकटीला असते. पत्र्याला खिळा कुठे मारणार? तिने दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. साईटचा वॉर्डन आला आणि बेल समजून ती दाबत उभा राहिला. बराच वेळ दाबली. ती खिडकीतून बघत होती. शेवटी दार उघडून बोलली, "देवाने ऐकली, मी पण ऐकली. बोल, काय पाहिजे?"

दरवर्षी एकदा ती मलिदा करायची. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर पाच फळं. एलियाहू हन्नबी ह्या आमच्या प्रेषिताच्या नावाने करतात. माझं मत होतं, इथे कोण येणार खायला? तिने ताटं भरून शेजारी वाटली. यॉर्कशरचा एक म्हातारा होता, आमच्यासारखाच साईट बदलत फिरणारा, त्याला ते सकाळचं सिरियल वाटलं. त्याने वर दूध ओतून खाल्लं आणि रिकामं ताट परत आणून विचारलं, हे कुठल्या दुकानात मिळतं? मला हसू आवरेना. ती मला दटावून बोलली, "खाऊ दे. दुधाने आशीर्वाद पातळ होत नाही."

आणि शनिवारी, म्हणजे आमच्या विसाव्याच्या दिवशी, गाडी हलवायची नाही. आम्ही काही मोठे धार्मिक नाही. गॅस पेटवायचो, टीव्ही लावायचो. पण शनिवारी चाक फिरणार नाही, हा तिचा कायदा. "आठवड्यातून एक दिवस घराला घर होऊ दे," ती म्हणायची.

शुक्रवारी सकाळी ती पिंप घेऊन नळावर गेली. यॉर्कशरचा म्हातारा धावत आला, मला हाताला धरून नळाकडे ओढायला लागला. मी गेलो तेव्हा ती नळाजवळ गवतावर पडली होती आणि कोणीतरी तिच्यावर आपला कोट घातला होता. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी होतं नव्हतं ते केलं. गेली. ह्याच्यावर मला जास्त लिहिता येणार नाही.

तिला हॉस्पिटलात ठेवलं होतं. दुपारी लंडनच्या स्टॅनमोरहून मुलगी-जावई आले. संध्याकाळ व्हायला लागली तशी मुलीने स्वतःहून पेला काढला. पाणी घातलं, तेल घातलं, दिवा लावला. मी रेघेकडे बघितलं. पाणी चारी बाजूंनी रेघेला लागून होतं. गुरुवारची फळी जागची हलली नव्हती.

मुलगी इथेच वाढलेली, तिचं मराठी असं तसं. "पप्पा, ही कॅराव्हॅन आता सेल करू या. तुम्ही एकटा कसा राहणार? उद्या मॉर्निंगला निघू. आमच्या घरी तुमचा खोली रेडी आहे."

खोली चांगली आहे, मी बघितली आहे. तिच्या खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते.

सकाळी जाग आली ती कर्र कर्र आवाजाने. बाहेर जावई गुडघ्यावर बसून कॅराव्हॅनचे जमिनीला टेकवायचे पाय वर घेत होता. पोरगा भला आहे, पुण्याचा. मला त्रास नको म्हणून एकटाच कामाला लागला होता.

"खाली कर," मी बोललो.

"पप्पा, लवकर निघालो तर ट्रॅफिक लागणार नाही."

"आज शनिवार आहे."

"तुम्ही तर शनिवारी मॅच लावून बसता."

"मी काय करतो ते सोड. ही गाडी शनिवारी हलत नाही."

मुलगी दारात आली. तिने नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ओके पप्पा. मग उद्या?"

"उद्या तुमच्या गाडीतून येतो. तिला माती द्यायची आहे. शोकाचे सात दिवस तुमच्याकडे बसतो. मग मला इथे आणून सोडा. कॅराव्हॅन विकायची नाही."

"पण तुमचं सगळं कोण करणार? साधं पाणी कोण आणणार?"

मी बूट घातले.

नळाकडे बघायचं नाही असं कालपासून ठरवलं होतं. चालत गेलो. पिंप तिथेच होतं, कोणी हलवलं नव्हतं. नळ बंद होता. झाकण घट्ट लावलेलं होतं, ते तिचंच. भरून झालं होतं तिचं, फक्त आणायचं राहिलं होतं.

मी दांडा धरला. जाताना उतार आहे, येताना चढ. कुत्र्यासारखं मागे मागे येत नाही ते. दोनदा थांबावं लागलं. यॉर्कशरचा म्हातारा मदतीला पुढे झाला, त्याला मी हातानेच नको म्हटलं. तो टोपी काढून उभा राहिला.

जाग्यावर आणून पिंप उभं केलं. नळी जोडली. आत जाऊन ओट्यावरचा नळ सोडला. आधी नुसती हवा आली, मग पाणी आलं. किटली भरली.