इलारियाने न सांगितलेला किडा

वाहाका प्रांताच्या डोंगरातलं आमचं गाव पाइनच्या झाडांवर जगतं. जंगल सगळ्यांचं, सरळ खोडं लाकडाच्या गिरणीला जातात, वाकडी कागदाला. राखणीची पाळी गावसभा ठरवते. त्या वर्षी पाळी इलारियाची होती.

वरच्या उतारावर तिला काही शेंडे पिवळे दिसले. सालीवर राळेचे थेंब, बुंध्याशी बारीक भुसा. किडा लागला होता. अशा वेळी लगेच पंचांना सांगायचं, लागलेली झाडं तोडायची, साल जाळायची. पण गावच्या संताची जत्रा तोंडावर आलेली आणि जेवणाचा मान तिच्या घरचा. सांगितलं असतं तर बँडवाल्यांसकट सगळे डोंगरावर गेले असते. "जत्रा होऊ दे, मग सांगते," ती मनाशी म्हणाली.

जत्रा थाटात झाली. नंतर ती वर गेली, तर अख्खा उतार तांबूस पडलेला.

ती झाडं म्हाताऱ्या तावरीनोने तरुणपणी बायकोबरोबर लावलेली. बायको आता नाही. तोड चालू असताना तो नुसता उभा राहिला. "पाऊस लांबला की किडा वाढतो, दुसरं काय," लोक म्हणत.

शेवटी इलारिया तावरीनोच्या चुलीपाशी जाऊन बसली.

"काका, मला आधीच दिसलं होतं. जत्रेपायी बोलले नाही."

तो कॉफी ढवळत राहिला. "कशाला सांगितलंस गं? किड्यावर चिडत होतो, ते बरं होतं. आता तुझ्यावर चिडू? जत्रेत तुझ्याच घरी पोटभर मक्याचे तमाले खाल्लेत मी."

"चिडा की."

"जा, घरी जा."

तिने सभेतही उभं राहून सांगितलं. तिला दंड हवा होता. "अगं, नाचताना आम्ही तरी कुठे वर बघितलं?" कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. त्या हसण्याने तिला जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

पावसात ती एकटीच त्या उतारावर रोपं लावू लागली. तावरीनो रोज येऊन दगडावर बसायचा, तिचं काम बघायचा. एक दिवस मात्र खेकसला, "रोप असं कोंबतात? मुळं दुमडलीत. काढ ते!"

तिने काढलं, पुन्हा लावलं. तेव्हापासून दोघं बोलतात, कामापुरतं. झाडं आता कमरेला लागलीत. ती तोडीला येईपर्यंत म्हातारा राहणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे.