डोकं सांभाळा

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका डोंबिवलीत बसून इंग्लंडमधली जुनी घरं काढतात. म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे. तिकडून फोटो आणि मापं येतात. काका स्वतः कधी गेलेले नाहीत. सध्या एका खेड्यातलं तीनशे वर्षांचं कॉटेज चाललंय.

"भिंती कसल्या सांगू? आपल्या खडवलीकडे कूड असतो ना, तोच! काठ्या विणायच्या, वर शेणमाती लिंपायची. छपराला गवत. एक रेघ सरळ नाही हो!" हे सांगताना त्यांचा चेहरा नातवाचं कौतुक करावं तसा फुलतो.

गेल्या महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात नवीन प्लास्टर झालं आणि भिंतीला चक्क पोट आलं. मी मिस्त्रीवर चिडून ती फोडायलाच निघालेलो. काका टेप घेऊन आले, मापं घेतली आणि म्हणाले, "हात लावायचा नाही. तिकडे असल्या भिंतीला सरकार संरक्षण देतं!" मिस्त्री सुटला. पोट अजून आहे.

त्या कॉटेजचं दार फार बुटकं आहे म्हणे. त्यामुळे जेमतेम पाच फुटांचे आमचे काका हल्ली स्वतःच्या ब्लॉकमध्येही वाकून शिरतात आणि मागच्याला बजावतात, "डोकं सांभाळा."

काल त्यांच्याकडे चहाला गेलो आणि बोलण्याच्या नादात ताठ शिरलो. काकांनी टाचा उंचावून झटकन माझ्या कपाळापुढे तळवा धरला.

"लागलं नाही ना?"

"थोडक्यात वाचलो," म्हणत मी कपाळ चोळलं.