घागरवालीचा अंगठा

मधली हसली की चित्रकलेच्या अख्ख्या महाविद्यालयाला कळतं, मॅडम आल्या. तीन बहिणींतली दुसरी म्हणून घरात ती मधली. आता पन्नाशी उलटली, केस पिकले, नावामागे डॉक्टर लागलं, तरी मधलीच. थोरली शहाणी निघाली, धाकटी देखणी. मधलीच्या वाट्याला तोंड आलं, आणि ते तिनं कधी गंजू दिलं नाही.

लहान असताना तिनं जेवणघराच्या भिंतीवर कोळशानं घरातल्या सगळ्या बायका काढल्या होत्या, जिच्या हातात जे काम असायचं त्या कामासकट. वडिलांनी पाठीत धपाटा घातला आणि भिंत धुऊन काढायला सांगितलं. आईनं भिंतीपुढे कपाट सरकवलं. झाकली, पण धुतली नाही. मधलीच्या कलाशिक्षणाची सुरुवात ही अशी झाली.

पुढे ती शिकली आणि शिकवायला लागली. विषय असा, की चित्रातल्या बाया कुणी काढल्या, कुणाला दाखवायला काढल्या, आणि परके राज्यकर्ते गाशा गुंडाळून गेल्यावरही आपण स्वतःकडे त्यांच्याच डोळ्यांनी का बघतो. यावर ती लेख लिहिते, व्याख्यानं देते आणि स्वतःची कामंही करते. नातेवाइकांना यातलं ओ की ठो कळत नाही.

"म्हणजे तू नेमकं करतेस काय गं?" आत्या दर भेटीत विचारते. ही वडिलांची धाकटी बहीण, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. आवाज अजून लांबच्या गावचा कॉल जोडल्यासारखा.

"भांडते," मधली सांगते. "पण पगारी."

महाविद्यालयाची इमारत परक्यांच्या राज्यातली. छत इतकं उंच की थंडीत माणसं कुडकुडतात आणि बारा महिने कबुतरांची चंगळ. संस्थापक साहेब स्वतः चित्रकार होते. त्यांनी काढलेलं त्यांचंच चित्र प्राचार्यांच्या खोलीबाहेर आहे. कोटाची बटणं अशी रंगवलीत की हातानं उघडावीत. आणि मोठ्या दालनातल्या मोठ्या भिंतीवर त्यांचं गाजलेलं चित्र, खांद्यावर घागर घेतलेली एक बाई. खाली पितळी पट्टी, "स्थानिक स्त्री, घागरीसह". साहेबांच्या कुत्र्याचंही एक चित्र ग्रंथालयात आहे. कुत्र्याला नाव आहे. बाईला नाही.

पण मान तिचा केवढा! प्रमाणपत्रावर घागरवाली, चहाच्या कपावर घागरवाली, कचऱ्याच्या डब्यावरसुद्धा घागरवालीच. पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येकानं तिची नक्कल करायची, तीही चौकटी आखून. चित्रापुढे दोऱ्यांची जाळी लावायची, आपल्या कागदावर तितक्याच चौकटी आखायच्या. मग एक चौकट बघायची, ती उतरवायची, आणि बाकीचं चित्र पुठ्ठ्यानं झाकून ठेवायचं, म्हणजे नजर भरकटत नाही. ही साहेबांची शिस्त. साहेब गेले, त्यांचं राज्य गेलं, पुठ्ठा राहिला. मधली त्याच पुठ्ठ्याआड शिकली आणि त्याच पुठ्ठ्याआड तिनं मुलांना शिकवलं.

शिक्षकांचं प्रदर्शन दर वर्षी भरतं. मोठी भिंत पुरुषमंडळींना, आणि मधलीला जिन्याखालचा कोपरा, विजेच्या मीटरशेजारी. एका वर्षी तिनं नावाजलेल्या चित्रकारांच्या बायकांसाठी ऍप्रन शिवले. ज्यांनी जन्मभर नवऱ्यांचे कॅनव्हास ताणले आणि ब्रश धुतले, त्यांची नावं एकेका ऍप्रनवर भरतकामानं काढली. डोळे फुटायची वेळ आली. बघायला आलेल्यांनी ऍप्रन टांगलेल्या खुंट्यांवर ओल्या छत्र्या अडकवल्या.

"तुमचं काम नाजूक असतं, मॅडम," प्राचार्य म्हणायचे. "मोठ्या भिंतीवर हरवून जाईल."

"हरवलं तर शोधू की, सर. तुम्ही द्या तर खरी!"

यंदा तिनं त्यांचा पिच्छाच पुरवला. बैठकीत भिंत, चहाला भिंत, गाडीत बसताना भिंत. शेवटी प्राचार्यांनी हात टेकले.

"घ्या एकदाची. पण घागरवाली जागची हलणार नाही. तुमचं जे काय असेल ते तिच्या आजूबाजूला. आणि उद्घाटनाच्या आदल्या दिवशी समिती बघेल. समितीला नाही पटलं तर..."

"तर जिना," मधली म्हणाली, आणि मत बदलायच्या आत खोलीबाहेर पडली.

बेत साधा होता. घागरवाली उभी आहे तसंच खऱ्या बायांना उभं करायचं, त्यांचे माणसाएवढे फोटो काढायचे आणि प्रत्येकीच्या खाली तिचं पुरतं नाव घालायचं. एक दंतवैद्य तयार झाली, एक बस चालवणारी, कॅन्टीनवाली, वकीलबाई. पहिला मान आत्याचा, कारण तिनं तो मागून घेतला.

रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीतलं टेबल भिंतीला लावलं. जुन्या बाजारातून आणलेली घागर आत्याच्या खांद्यावर आली. मधलीचा नवरा कॅमेरामागे उभा. त्याचं चष्म्यांचं दुकान, त्यामुळे नजरेतलं आपल्याला कळतं असा त्याचा दावा.

"उजवा हात कमरेवर," मधली चित्राची छापील प्रत बघून सांगत होती. "डावा हात घागरीवर, पुढून. नखं आमच्याकडे."

"आहेत तुमच्याकडे. रंगसुद्धा लावलाय."

"छान. आता अंगठा गालाकडे."

आत्यानं पंजा वळवला.

"अगं, नखं मागे गेली."

"मग अंगठा गालाकडे येत नाही. दोन्हीतलं एक काय ते ठरव."

"चित्रात दोन्ही आहे, आत्या."

"मग त्या चित्रातलीलाच बोलाव ना! माझा खांदा निखळला तर तुझे आतोबा विचारतील, कशात गेला म्हणून. काय सांगू? कलेत?"

"हात जरा सैल सोडा, आत्या. असा बघा," म्हणत नवरा पुढे आला. त्यानं नखं पुढे केली, अंगठा गेला बाहेर. अंगठा गालाकडे आणला, नखं गेली मागे. त्यानं चष्मा पुसला आणि पुन्हा करून बघितलं. दोष नंबरचा नव्हता.

"दोघंही एका माळेचे मणी," म्हणत मधलीनं घागर ओढून घेतली आणि आरशासमोर उभी राहिली. नखं पुढे आली. अंगठा खिडकीकडे. गालाकडे येईना म्हणजे येईना. मग तिनं घागर खाली ठेवली, छापील प्रत उचलली आणि तिच्याशेजारी आपला उजवा पंजा उभा धरला. बोट न बोट जुळलं.

"हा उजवा आहे," ती म्हणाली. "डाव्या दंडाला उजवा पंजा लावलाय."

आत्या वाकून बघायला लागली. "म्हणजे या बाईला दोन्ही हात उजवे?"

त्यावर मधली जी हसत सुटली ती खाली जमिनीवरच बसली. नवरा कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला धरून हसला. आत्या घागरीवर ठेका धरून "दोन उजवे, दोन उजवे" म्हणायला लागली, तेव्हा शेजारीण दार वाजवून विचारून गेली, सगळं ठीक आहे ना.

सगळं ठीक होतं, फक्त इतकी वर्षं कुणी बघितलं नव्हतं. बघणार कसं? एका वेळी एक चौकट. अंगठ्याच्या चौकटीत अंगठा बरोबरच आहे की. अधूनमधून एखादी मुलगी पुठ्ठा बाजूला करून अख्खा हात बघायची आणि अंगठा माणसासारखा बाहेरच्या बाजूला काढायची. तिचे गुण कापायचे, शेरा "निरीक्षण कमी". मधलीनंही कापले होते. ते आठवलं तशी ती जमिनीवरून उठली.

"त्या माणसानं स्वतःच्या कोटाचं एकेक बटण बघून काढलंय," ती म्हणाली. "आणि ही बाई त्याच्यापुढे दिवसच्या दिवस खांद्यावर घागर घेऊन उभी, तिचा एकच हात बघितला. दुसरीकडेही तोच चिकटवला."

नवऱ्याला वेगळीच काळजी. "हे बोललीस तर भिंत गेली समज. प्राचार्यांना विद्यार्थी असताना पहिलं बक्षीस कशावर मिळालंय, विसरलीस?"

कशावर मिळणार? घागरवालीच्या नकलेवर. ती त्यांच्या खुर्चीच्या मागेच टांगलेली आहे.

"आणि नाही बोलले," मधली म्हणाली, "तर भिंतीवर लावू काय?"

"मला लाव," आत्या म्हणाली.

आणि मधलीनं लावलं. सगळ्या बायांचे फोटो काढले, तो पंजा जमवताना प्रत्येकीची जी फजिती झाली त्या फजितीचे. दंतवैद्याची जीभ बाहेर आलेली, वकीलबाई तिरकी झालेली, कॅन्टीनवाली डोळे मिटून खदखदा हसतेय. मधोमध घागरवाली, तिच्या उजव्या बाजूला आत्या, सगळ्यांत मोठी. लेख नाही, टीका नाही. चित्रापुढे एक लाकडी चौथरा, त्यावर घागर, समोर आरसा, आणि एक पाटी, "अशा उभ्या राहून बघा. पुरुषांनाही मुभा आहे."

आदल्या दिवशी समिती आली. प्राचार्य, दोन चित्रकार, ग्रंथपालबाई. आत्या मदतीला म्हणून आली होती आणि स्वतःच्या फोटोखाली खुर्ची टाकून बसली होती. मधलीनं हसू आतल्या आत दाबून धरलेलं, ते तिला मुळात जमत नाही.

प्राचार्यांनी फोटो बघितले, पाटी वाचली. "यात काय विशेष? ही तर उभं राहायची सगळ्यांत स्वाभाविक ढब. मी शेकडो मुलांना शिकवलीय."

"मग सर, दाखवाच," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

ते चौथऱ्यावर चढले. घागर खांद्यावर घेतली. नखं पुढे आली. अंगठा बाहेर. त्यांनी कोट काढून एका चित्रकाराच्या हातात दिला. कोपर वर नेलं, कोपर खाली आणलं, गुडघ्यात वाकले. आरशात त्यांना घागर दिसत होती, फोटोतली आत्या दिसत होती, आणि खालची खरी आत्याही.

"मान मोडेल हो," खरी म्हणाली. "मी तीन दिवस शेक घेत होते."

प्राचार्य थांबले. स्वतःच्या पंजाकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, पुन्हा पंजाकडे. मग घागर अलगद ठेवली आणि दालनातून निघून गेले. कोटसुद्धा न घेता.

"गेली भिंत," मधली पुटपुटली. नवऱ्याला फोन करून खिळे उपटायची पक्कड आणायला सांगावी, इथपर्यंत तिचा विचार गेला. चित्रकार छताकडे बघत होते. ग्रंथपालबाई चौथऱ्यावर चढून स्वतःच करून बघत होत्या.

पाच-दहा मिनिटांनी प्राचार्य परत आले. बगलेत ती नक्कल, चौकटीवर धुळीचा थर. ती त्यांनी भिंतीला टेकवली आणि कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभे राहिले.

"माझ्याही चित्रात तस्साच आहे," ते म्हणाले. "तंतोतंत."

"म्हणून तर पहिले आलात, सर," मधली म्हणाली, आणि मग मात्र तिला आवरलं नाही. ती हसली. ग्रंथपालबाई हसल्या. चित्रकारांनी आधी प्राचार्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मगच हसायचं ठरवलं, कारण प्राचार्यही लाल होऊन, डोळे पुसत हसत होते.

"हेही लावा," ते म्हणाले. "भिंत मोठी आहे. आणि खाली पहिलं बक्षीस लिहायला विसरू नका."

"लिहिते. आणि नवीन मुलांच्या हातातून पुठ्ठा काढते."

"काढा, काढा."

उद्घाटनाला ही गर्दी! चौथऱ्यापुढे रांग लागली. आजोबा चढले, पोरी चढल्या, दंतवैद्याचा नवरा घागरीसकट घसरला. प्राचार्य आपल्या नकलेशेजारी ठाण मांडून होते. येईल त्याला धरून, आपण कुठे आणि कसे फसलो, ते अंगठा नाचवून सांगत होते, इतक्या अभिमानानं की जणू शोध त्यांनीच लावला. ऐकणाऱ्यांचं कोंडाळं वाढत गेलं, त्यात आत्या झाकली, वकीलबाई झाकली, कॅन्टीनवाली पार दिसेनाशी झाली.

"या माणसाला कुणीतरी हलवा रे!" आत्या आपल्या ट्रंक कॉलच्या आवाजात ओरडली. "माझी मैत्रीण दोन बस बदलून आलीय मला बघायला, आणि हिला नुसती टकलं दिसताहेत!"

मधली गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि प्राचार्यांच्या कोपराला धरलं.

"सर, जरा सरका. मागे बाया आहेत."