येळवशीची हिरवी कोप

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी, दुपार. देगलूर तालुक्यातलं एक शिवार. हजर: मी (मंडळ कृषी अधिकारी), आमचे कृषी सहायक गायकवाड, ज्यांच्या रानात उभे होतो त्या शांताबाई, बांधापलीकडचे व्यंकटराव आणि त्यांच्या पत्नी सुमनबाई.

आलो होतो तुरीवरची अळी बघायला. शांताबाई उद्याच्या येळवशीसाठी, म्हणजे वेळ अमावस्येसाठी, कोप उभारत होत्या. आमच्याकडे त्या दिवशी रानात कडब्याची खोप करतात, आत लक्ष्मी मांडतात. एका पेंढीच्या बुडाला मला वीतभर काळपट, वाळकी काडी दिसली. ओढून काढली आणि रुमालावर झटकली. तपकिरी भुकटी पडली.

"धूळ हाय मॅडम," शांताबाई म्हणाल्या.

भिंगातून पाहिलं. बी होतं. टारफुल्याचं.

टारफुला ज्वारीच्या मुळांवर जगतो. आधी जमिनीखालीच रस ओढतो, मग वर येऊन बारीक पांढरी फुलं धरतो. फुलं दिसेपर्यंत नुकसान झालेलं असतं. बी मातीत कित्येक वर्षं टिकतं. जनावरानं खाल्लं तरी शेणातून जिवंत बाहेर पडतं.

"कडबा कुणाचा?"

"व्यंकटरावाचा. दरसाली समद्यांना देतेत कोपीला."

व्यंकटराव बांध ओलांडून आले. "फुलं होती खरी. मला बरी वाटली दिसायला. ज्वारी सुकली तर म्हणलं पाऊस कमी पडला."

"कुणाकुणाला दिला?"

"मागंल त्याला. येळवशीला न्हाई म्हणतेत का कुणी?"

शांताबाईंनी हातातली पेंढी खाली ठेवली. "माझ्या रानात सांडलं असंल का, मॅडम? वर्साच्या भाकरीची ज्वारी हितंच पेरते मी."

मला नाही म्हणता येईना.

येळवस झाली की कोप मोडतात आणि कडबा जनावरांपुढे जातो. तिथून शेण, उकिरडा, खत, अख्खं शिवार. मी तालुक्याच्या साहेबांना फोन लावला.

"उद्या सण आहे. परवा बघा."

"परवापर्यंत बैलांनी खाल्लेला असेल, सर."

"मग तुमच्या पातळीवर बघा."

माझी पातळी म्हणजे मी आणि गायकवाड. गायकवाड म्हणाले, "देवळाच्या भोंग्यावरून सांगू, कडबा परत आणा."

व्यंकटराव तिथंच खाली बसले. "सणाच्या तोंडावर दिलेलं परत मागू? त्यापरीस माझं रान पेटवा."

भोंगा नको, हे मलाही पटलं. पण दुसरं काही सुचत नव्हतं. ऊन उतरत होतं आणि गावात जनावरं घरी परतायची वेळ होत आली होती; कोपीतून उरलेल्या पेंढ्या आजच त्यांच्यापुढे पडल्या असत्या.

"परत कशाला मागायलाव?" सुमनबाई म्हणाल्या. "बदलून द्या की. आपल्या उसाची तोड चालू हाय. शेंड्याचं हिरवं वाढं द्या, कडबा घ्या. म्हणावं, औंदा हिरवी कोप."

"आन इचारलं कशापायी, तर?"

"खरं सांगा. फुलं बघून खुश कोण झालतं?"

शांताबाईसुद्धा हसल्या.

व्यंकटराव ट्रॅक्टरवर उसाचं वाढं घेऊन दारोदार, रानोरान गेले. मागं ताडपत्री घेऊन आम्ही दोघं. एकानं उभी कोप मोडायला साफ नकार दिला. त्याच्या म्हाताऱ्या आईनं वाढं बघितलं आणि म्हणाली, "लक्ष्मीला हिरवं चालतंय." मोडली.

सगळा कडबा ताडपत्रीत बांधून व्यंकटरावांच्याच रानात आणला आणि तिथंच जाळला. त्या रानात आता काही वर्षं ज्वारी नाही. सोयाबीन किंवा कापूस. त्यांच्या मुळांमुळे टारफुल्याचं बी उगवतं, पण त्याला चिकटता येत नाही, म्हणून मरतं. शांताबाईंच्या कोपीखालची माती खरवडून पोत्यात भरली आणि तीही तिकडेच टाकली.

तण ओळखायला भिंग पुरलं. ते गावभर कसं फिरतं, हे कळायला गावाचे सण माहीत असावे लागतात.

शांताबाईंची पुढची ज्वारी गुडघ्याला आली की कोपीची ती जागा वाकून तपासायची आहे. ज्वारी अजून पेरायची आहे.