बिनगोळीची वाटी

नेकनूरकडच्या आमच्या गावात दूध संकलन केंद्र मी चालवतो, त्यामुळे संशय घेणं हे माझं रोजचं काम आहे. सकाळी कॅन आले की दुधात मापी सोडायची, डिग्री बघायची आणि मग आणणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायचं. झाकण उघडताना जो जरा जास्तच गोड बोलतो, त्याच्या दुधात हमखास पाणी असतं. पाठीमागे लोक मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू द्या.

माझ्या वडिलांवर मात्र सगळ्या जगानं संशय घेतला. दर दीड-दोन महिन्यांनी त्यांना ताप यायचा, पोट दगडासारखं कडक व्हायचं आणि तिसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम सगळ्यांसमोर म्हणायचा, "काम आलं की ह्याला ताप येतो. लई सोंगाडं हाय बे हे." तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटायचं. पुढं त्यांचे पाय सुजले, किडन्या गेल्या आणि ते वारले. त्यांना काय झालं होतं ते कुणालाच कळलं नाही.

माझी मुलगी नववीत असताना तिला तसाच ताप येऊ लागला. गावातल्या डॉक्टरांनी टायफॉइड म्हणून बघितलं, बीडमध्ये अपेंडिक्सची शंका निघाली. शेवटी संभाजीनगरच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला सोडून मलाच प्रश्न विचारले, वडिलांबद्दल. मग रक्त तपासलं आणि त्यांनी सांगितलं, "हा आजार घराण्यातून येतो. बाहेरचं काही कारण नसताना अंगात सूज भडकते. रोज एक गोळी, जन्मभर. सोडली तर तुमच्या वडिलांसारख्याच हिच्याही किडन्या जातील."

गोळीनं ताप गेला, पण पोट बिघडलं. जुलाब, पोट फुगणं, खाल्लेलं अंगी न लागणं. पोरीच्या गालांची हाडं दिसायला लागली. त्यात कुणीतरी मला सांगितलं की हे औषध कळलावीच्या बियांतून काढतात. कपिलधारच्या डोंगरात ही विषारी वेल उगवते, आणि तिला तोंड लावू नये म्हणून आम्ही गुरांना हाकलतो. मी तडक डॉक्टरीणबाईंना जाब विचारायला गेलो.

त्या शांतपणे म्हणाल्या, "खरंय, त्यातूनच काढतात. मात्रा मोजून देतो. आणि पोटाचं म्हणाल, तर आतड्यात असंख्य जंतू राहतात, दही लावणाऱ्या जंतूंसारखेच कामाचे. आजारानं त्यांची वस्ती बदलते, गोळीनंही बदलते. अन्न अंगी लागण्याची तऱ्हाही बदलू शकते. त्यात आजाराचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे अजून पुरतं कळलेलं नाही. तूर्त दूध बंद करा. या गोळीवर काहींना ते पचत नाही. ताक चालेल."

दूध बंद! दूधवाल्याच्या पोरीला! आणि पुरतं कळलेलं नाही, तर गोळी कशाच्या भरवशावर देता? आजवर मला कुणी तोंडावर कबूल केलं नव्हतं की आपल्याला माहीत नाही, आणि मला त्याचाच जास्त संशय आला.

आम्हा दुधाच्या धंद्यातल्या माणसांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. गाईला इंजेक्शनं चालू असली की तिच्या दुधाचं दही लागत नाही, कारण औषध विरजणातले जंतू मारतं. मग मी गोळीचीच परीक्षा घ्यायची ठरवली. चुलत भावाच्या कॅनमधलं दूध घेतलं. त्याच्या दुधात मी मापी सोडतो ती नुसती रीत म्हणून. वाटीभर दूध कोमट केलं, दोन गोळ्या कुटून टाकल्या, विरजण लावलं.

सकाळी वाटीत नुसतं पाणचट, आंबूस दूध. शेजारी बायकोनं लावलेलं घरचं दही मात्र सुरीनं कापावं असं घट्ट. सापडला चोर, म्हणालो मी. त्याच दिवशी गोळ्यांची पाकिटं केंद्रातल्या कपाटात टाकली आणि मुलीला सांगितलं, "डॉक्टरीणबाईंचा फोन आल्ता. गोळी बंद."

ती "बरं पप्पा" म्हणाली. एक प्रश्न विचारला नाही.

बायकोनं विचारलं, "कावून बंद केली? मला कसं न्हाई सांगितलं?" मी तिच्यावर खेकसलो.

आठ दिवसांत पोरीचं पोट सुधारलं. मी मिशीत हसत फिरत होतो. पाचव्या आठवड्यात ताप आला. ती पोटाशी गुडघे घेऊन कण्हायला लागली. ते कण्हणं मी लहानपणी ऐकलेलं होतं, वडिलांचं. बायकोनं परस्पर डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "गोळी बंद करा असं मी कधी सांगितलं?" फोनमधला तो आवाज खोलीभर ऐकू आला. मग मला सगळं ओकावं लागलं, वाटीसकट.

तिसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर मुलगी उठून बसली आणि म्हणाली, "पप्पा, बिनगोळीची वाटी कुठं ठेवल्ती?"

"म्हंजी?"

"त्याच दुधाची. गोळी न टाकता."

"घरचं दही हुतं की."

"ते आपल्या म्हशीचं. दूधच येगळं हाय."

मी उठलो तो थेट चुलत भावाच्या गोठ्यात. तो म्हणाला, "गाईला दगडी झाल्ती. कास सुजल्ती. पाच दिस इंजेक्शनं दिली. तुला सांगितलं असतं तर तू दूध घेतलं असतं का?"

घरी मुलीनं म्हशीच्या दुधाच्या दोन वाट्या लावल्या, एकीत गोळी, एकीत नाही. दोन्हीत सारखंच दही लागलं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पोट म्हणजे वाटी नव्हे हो. यातून गोळी दोषीही ठरत नाही आणि निर्दोषही नाही. पण किडनीचं मात्र आपल्याला नक्की माहीत आहे." लघवीत प्रोटीनचा अंश आला होता. तो पुन्हा तपासेपर्यंतचा महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. रोज तिच्या पायांवर सूज दिसते का ते बघायचो. महिन्यानं लघवी साफ निघाली आणि मी तिथंच बाकावर बसून रडलो. मुलीला गोळी पुन्हा सुरू झाली होती, दूध बंद, ताक चालू. हळूहळू पोटही जाग्यावर आलं.

गोळ्या आता तिच्या दप्तरात असतात. परवा जेवणानंतर मी होऊन पाकीट काढलं आणि ताकाच्या पेल्याबरोबर तिच्यापुढं धरलं. तिनं ते उलटं केलं, नाव वाचलं, तारीख वाचली. मग तिनं माझ्या डोळ्यांकडे बघितलं, मी कॅनवाल्यांच्या बघतो तसं, आणि मगच गोळी गिळली.