ओळ २१४: शेवटी टिंब नाही

इंद्रायणी ओव्हाळ १९७६ साली पिंपरीच्या एका कारखान्यात कार्डं पंच करायला लागली. तिचे वडील तिथेच फाउंड्रीत होते. प्रोग्रामर कागदावर प्रोग्राम लिहून द्यायचे. ती एकेक ओळ एकेका कार्डावर भोकं पाडून उतरवायची. सकाळी गठ्ठा कॉम्प्युटरला गेला की दुपारी छापील कागद यायचा. चूक असली तर नुसता आकडा: चूक ४७. त्याचा अर्थ ज्या पुस्तकात होता, ते प्रोग्रामर अनंत दांडेकरांच्या कपाटात.

"पंचिंग चुकलंय," दांडेकर न बघताच म्हणायचे.

सुट्या भागांच्या यादीचा प्रोग्राम तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा इंद्रायणीने तीनशे कार्डं कागदाशी ताडून पाहिली.

"सर, दोनशे चौदाव्या ओळीला टिंब नाही. तुमच्या कागदावरच नाही."

"मग तुला कळायला नको?"

ते तिला झोंबलं. पण कळायला हवं होतं ते यंत्राला, असं तिच्या मनाने घेतलं. रद्दीत टाकलेले कागद ती गोळा करू लागली. कुठल्या चुकीला कुठला आकडा येतो, ते वहीत लिहू लागली. जेवणाच्या सुट्टीत प्रोग्राम लिहायला शिकली. वर्षभराने ती विभागप्रमुख यशवंतरावांसमोर उभी राहिली.

"साहेब, मशीनवर दहा मिनिटं द्या."

"ते तुमचं काम नाही."

पुढच्या महिन्यात ती परत गेली. त्याच्या पुढच्याही. शेवटी त्यांनी विचारलं, "पण कशासाठी?"

"मशीन आकडा सांगतं. मला त्याच्याकडून चूक वदवून घ्यायचीय."

त्यांनी दहा मिनिटं दिली. पहिल्या दिवशी, इतरांच्या चुका शोधायला लिहिलेला तिचाच प्रोग्राम अडकला. सगळे हसले. तिने तो दुरुस्त करून आठवड्याने पुन्हा लावला, आणि दांडेकरांचा नवा गठ्ठा त्यातून घातला. प्रिंटरला देवनागरी येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी छापून आलं: ओळ ८८, कंस उघडलाय, मिटवला नाही. अशा अकरा चुका.

"यातल्या दोन पंचिंगच्या. माझ्या," ती आधी म्हणाली.

उरलेल्या नऊ दांडेकरांनी उभ्याउभ्या वाचल्या. "माझा अजून एक प्रोग्राम अडलाय," ते हळूच म्हणाले. "तुम्ही बघाल का?"

परीक्षा देऊन १९८१ मध्ये ती प्रोग्रामर झाली. नेमणुकीचं पत्र वडिलांनी दोनदा वाचलं.

"मग आता कार्डं कोण पंच करणार?"

"शालन आलीय नवीन. पण तिलाही प्रोग्राम शिकवतेय, बाबा."